कैदाशिणीचा संसार

फसवल्या गेलेल्या बायकोची गोष्ट सांगताना लेखकाला बहुतेक वेळा तिचं दुःखच सांगायचं असतं. तिच्या रडण्याला, सोसण्याला, शेवटी उंबरठा ओलांडण्याला किंवा उंबरठ्याच्या आत झिजून मरण्याला साहित्यात भरपूर जागा आहे. तिने सूड घ्यावा, पुरेपूर घ्यावा, त्यात ती यशस्वी व्हावी आणि तिला कसलीही शिक्षा होऊ नये, अशी गोष्ट मात्र विरळा. फे वेल्डन या ब्रिटिश लेखिकेची १९८३ साली प्रसिद्ध झालेली 'द लाइफ अँड लव्ह्ज ऑफ अ शी-डेव्हिल' ही अशी विरळा कादंबरी आहे. तिची ओळख मराठी वाचकाला करून देताना कथानक झाकून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. पुढे काय होणार याची उत्कंठा हे या कादंबरीचं बळ नव्हेच. जे होतं ते आपल्याला का हवंहवंसं वाटतं, हा प्रश्न तिने वाचकाच्या गळ्यात घातला आहे, आणि शेवट आधी माहीत असला तरी तो सुटत नाही.

रूथ ही सहा फूट दोन इंच उंचीची बाई आहे. रुंद खांदे, पुढे आलेला जबडा, हनुवटीवर केस उगवलेले तीळ. नवरा बॉबो अकाउंटंट आहे, देखणा आहे, आणि आपण हिच्याशी लग्न करून मोठेच उपकार केले अशी त्याची खात्री आहे. लंडनबाहेरच्या सुखवस्तू उपनगरांसारखंच एक उपनगर, नाव ईडन ग्रोव्ह. तिथे घर, दोन मुलं, कुत्रा, मांजर, गिनीपिग. बॉबोच्या अशिलांपैकी एक म्हणजे मेरी फिशर. नाजूक, गोरी, श्रीमंत, समुद्राकाठच्या उंच मनोऱ्यात राहणारी, प्रेमकथा लिहून लाखोंनी खपवणारी. बॉबो तिच्या प्रेमात आहे आणि ते बायकोला राजरोस सांगतो. प्रामाणिकपणा हा आपला मोठा गुण आहे असं त्याला वाटतं.

ठिणगी पडते ती जेवणाच्या टेबलावर. बॉबोचे आईवडील जेवायला येणार आहेत. मशरूमचं सूप, चिकन भरलेल्या पापुद्रेदार वाट्या, शेवटी चॉकलेट मूस, असा रूथचा बेत. सुगरण म्हणून ती नावाजलेली नाही, पण कष्टात कसूर करणारीही नाही. त्या संध्याकाळी एकेक गोष्ट बिघडत जाते. सुपात कुत्र्याचा केस निघतो, वाट्या जमिनीवर पडतात, सासूसासरे अवघडतात, मुलं भांडतात. बॉबो भडकतो. ही चांगली बायको नाही, चांगली आई नाही, चांगली गृहिणी नाही, ही बाईच नाही, ही कैदाशीण आहे, असं तो सगळ्यांदेखत म्हणतो आणि मेरी फिशरकडे निघून जातो. रूथ न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेते. ती रडेल असं आपल्याला वाटतं. ती विचार करते. मी कैदाशीणच असेन, तर कैदाशिणीला लाज कसली, अपराधीपण कसलं, चांगलं असण्याची सक्ती कसली? तिला फक्त काय हवं ते ठरवायचं असतं. तिचं डोकं एकदम स्वच्छ होतं. इतकी वर्षं एखाद्या पोथीसारखी मनात घोळवलेली चांगल्या बायकोची कर्तव्यं तिच्यावरून गळून पडतात. हे प्रकरण मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी मला त्याची भीती वाटते, कारण तो युक्तिवाद खोडून काढता येत नाही.

बायकोच्या सुडाची आद्य कथा म्हणून पाश्चात्त्य जगात ग्रीक मीडियाचं नाव घेतात. युरिपिडीसचं नाटक इसवी सनापूर्वी ४३१ मधलं. जेसन दुसरी बायको करायला निघतो तेव्हा मीडिया त्या नवरीला विषारी वस्त्र पाठवून मारते आणि जेसनपासून झालेली स्वतःची मुलंही मारते. रूथ आपल्या मुलांना मारत नाही. ती आपलं घर पेटवून देते आणि बेघर झालेल्या मुलांना नेऊन मेरी फिशरच्या मनोऱ्यावर सोडते. बाप तुमच्याकडे आहे, तेव्हा मुलंही तुमच्याकडेच. त्या पांढऱ्या गालिच्यांच्या घरात अँडी आणि निकोला आपल्या भुका, आपले आजार आणि आपली भांडणं घेऊन राहायला येतात. त्या क्षणी मेरी फिशरचं प्रेमप्रकरण संपतं आणि संसार सुरू होतो.

या कादंबरीचं मर्म माझ्या मते इथे आहे. रूथच्या हातात विष नाही, सुरी नाही, भाडोत्री गुंड नाहीत. तिच्याजवळ आहे ते बायको म्हणून वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं काम. स्वयंपाक, धुणी, उष्टीखरकटी, मुलांची शीशू, म्हाताऱ्यांची सेवा, घरखर्चाचे हिशेब. जगाच्या लेखी ज्याला किंमत नाही ते सगळं ती एकेक करून हत्यार म्हणून वापरते. मेरी फिशरने आपली आई वृद्धाश्रमात ठेवली आहे. रूथ त्याच वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून नोकरी धरते आणि ती म्हातारी लेकीच्या दारात परत येईल अशी व्यवस्था करते. मग नर्स हॉपकिन्स नावाच्या, तिच्याइतक्याच बेढब म्हणून हिणवल्या गेलेल्या, पण उंचीला अगदी बुटक्या बाईला बरोबर घेऊन ती बायकांना नोकऱ्या मिळवून देणारी एजन्सी काढते. संसारात अडकून कामाबाहेर पडलेल्या बायकांना ती टायपिंग शिकवते, हिशेब शिकवते, त्यांची मुलं सांभाळायची आणि त्यांचं वाणसामान घरपोच करायची सोय करते, आणि शहरभरच्या कचेऱ्यांत त्यांना पेरते. ही एजन्सी कादंबरीतली सर्वांत आनंदाची जागा आहे. सूड बाजूला ठेवला तरी त्या बायकांचं खरोखर भलं होतं. पण त्यांच्यापैकीच एक बॉबोच्या कचेरीत असते, आणि तिच्या मदतीने रूथ त्याच्या खातेवह्यांत शिरते. अशिलांचे पैसे बॉबोनेच लांबवले असं दिसेल अशा रीतीने आकडे फिरतात आणि पैसा स्वित्झर्लंडच्या बँकेत जातो. पुढे ज्या न्यायाधीशासमोर बॉबोचा खटला उभा राहायचा आहे, त्याच्या घरी रूथ वेगळ्या नावाने घरकामाला आणि मुलं सांभाळायला राहते. रात्री न्यायाधीश तिच्याशी खटल्यांची चर्चा करतो. बॉबोला किती शिक्षा व्हावी हे शेवटी त्याची टाकलेली बायको ठरवते.

इतक्या घरांत शिरूनही कुणी तिला ओळखत नाही. भांडी घासणाऱ्या, लंगोट बदलणाऱ्या, टंकलेखन करणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे कोणी नीट पाहतच नाही. सहा फूट दोन इंचांची बाई अदृश्य होते, हे एरवी पटलं नसतं. वेल्डन ते पटवून देते, कारण आपल्याच घरात काम करणाऱ्या बाईचं आडनाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल, हा विचार वाचता वाचता मनात येऊन जातो.

आपल्याकडची आठवण काढायची तर कण्णगीची काढावी लागेल. इळंगो अडिगळ यांच्या 'शिलप्पधिकारम्' या तमिळ महाकाव्यातला कोवलन बायकोला सोडून माधवीकडे राहतो, पैसा संपल्यावर परत येतो, आणि मदुराईत चोरीच्या खोट्या आळावर मारला जातो. कण्णगी संतापाने मदुराई जाळते. एवढा मोठा, नगर भस्म करणारा क्रोध. पण तो राजावर, नवऱ्याच्या अन्याय्य मृत्यूबद्दल. ज्याने तिला टाकलं त्याच्यावर त्यातली एक ठिणगीही पडत नाही. मराठी जात्यावरच्या ओव्यांतही सवतीवर रचलेल्या ओव्या पुष्कळ आहेत. त्यातही राग नवऱ्यापेक्षा तिच्यावरच जास्त. रूथचा सूड आधी मेरी फिशरकडे वळतो तेव्हा तीही याच जुन्या वाटेने चालली आहे असं वाटतं. पण ती तिथे थांबत नाही. नवऱ्यापर्यंत पोचते, न्यायालयापर्यंत पोचते, आणि शेवटी स्वतःच्या हाडांपर्यंत पोचते.

कादंबरी आली त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, आपल्याकडे दोन चित्रपट आले. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेला 'उंबरठा', आणि महेश भट यांचा 'अर्थ'. 'उंबरठा'तली सुलभा महिलाश्रमातली नोकरी सोडून घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. 'अर्थ'मधली पूजा पश्चात्तापाने परत आलेल्या नवऱ्याला नाकारते. दोघींचं बळ नकारात आहे. आपल्या प्रेक्षकाने त्यांना मान दिला तो त्या निर्मळ राहिल्या म्हणून. स्मिता पाटील एकीकडे टाकलेली बायको आणि दुसरीकडे नवऱ्याच्या आयुष्यातली दुसरी बाई, अशा दोन्ही बाजूंनी त्या वर्षी पडद्यावर उभी होती. नवलाची गोष्ट म्हणजे दोन्ही भूमिकांत तिने आपल्याला त्या बाईच्या बाजूचं केलं. रूथ मात्र निर्मळ राहत नाही. तिला मान नको आहे. न्हाणीघरातून बाहेर पडल्यावर तिने स्वतःसाठी ठरवलेल्या गोष्टी अगदी उघड आहेत: सूड, सत्ता, पैसा, आणि प्रेम न करता प्रेम मिळवणं.

कायद्याने रूथसारखीला काय दिलं असतं? इंग्लंडमध्ये १९७१ पासून घटस्फोट पुष्कळ सोपा झाला होता. पण सोपा घटस्फोट हा बॉबोच्याही सोयीचा असतो. मिळवत्या पुरुषाला नवीन घर मिळतं आणि बाईला पोटगीची वाट पाहणं. आपल्याकडची स्थिती आणखी विचित्र होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं ४९७ कलम व्यभिचाराला गुन्हा मानत होतं, पण तक्रार करण्याचा हक्क त्या दुसऱ्या स्त्रीच्या नवऱ्याला होता. फसवल्या गेलेल्या बायकोला आपल्या नवऱ्याविरुद्ध या कलमाखाली तक्रारच करता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कलम रद्द केलं. सासरच्या छळाबद्दलचं ४९८-अ कलम आलं तेही १९८३ मध्येच, या कादंबरीच्या वर्षी. नवऱ्याने दुसरीकडे संबंध ठेवले तर बायकोचं नेमकं काय बिघडतं, हे कायद्याला नीट सांगताच आलेलं नव्हतं. पैशाचं नुकसान मोजता येतं, मारहाणीचे वळ दाखवता येतात. पण वर्षानुवर्षं ज्याचा डबा भरला त्याने सगळ्यांदेखत 'तू बाईच नाहीस' म्हणणं, याची भरपाई कुठल्या कलमाखाली मागायची? रूथ ती स्वतः वसूल करते.

आता कादंबरीच्या त्या भागाकडे येते, जिथे बरेच वाचक तिची साथ सोडतात. बॉबो तुरुंगात गेल्यावर आणि पैसा हाती आल्यावर रूथ प्लास्टिक सर्जनांकडे जाते. सोबत मेरी फिशरच्या पुस्तकामागचा फोटो नेते आणि सांगते, मला अशी करा. दात काढले जातात, जबडा तासला जातो, नाक, कान, छाती, कंबर, सगळं कापून, ओढून, शिवून नव्याने घडवलं जातं. डॉक्टर नको नको म्हणत असतानाही ती पायांची लांबी कमी करून घेते. मांडीच्या हाडाचे तुकडे काढून सहा इंच उंची उतरवायची. वर्षानुवर्षांच्या वेदना. अँडरसनच्या जलपरीची आठवण कादंबरीतच येते: शेपटीच्या बदल्यात पाय मागितलेली ती पोर, जिला प्रत्येक पावलाला सुऱ्यांवरून चालल्यासारखं वाटायचं. रूथ नव्या पायांवर नाचायला शिकते आणि तिलाही तसंच दुखतं.

हे का? ज्या जगाने तिला कुरूप ठरवलं त्याच जगाची फूटपट्टी तिने स्वतःच्या हाडांना लावून का घ्यावी? एजन्सीतल्या बायकांना स्वतःच्या पायावर उभं करणारी रूथ स्वतःचे पाय कापून घेते, याची चीड अनेक स्त्रीवादी वाचकांना आली, आणि ती रास्त आहे. पण मला हा भाग कादंबरीचा दोष वाटत नाही. वेल्डनने रूथला आदर्श म्हणून उभंच केलेलं नाही. सुडाला स्वतःचं असं चित्र नसतं. तो समोरच्याचं चित्र उसनं घेतो. ज्याच्यावर सूड उगवायचा त्याच्यासारखं, किंवा ज्याचा हेवा वाटतो त्याच्यासारखं होत जाणं, ही त्याची किंमत. इतर लेखकांनी हे एखाद्या उपदेशपर वाक्यात उरकलं असतं. वेल्डनने ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर, हाड कापण्याच्या करवतीसह दाखवलं. वाचकाला किळस येते, आणि यायलाच हवी.

मेरी फिशरकडे दुर्लक्ष करू नये. कादंबरी सुरू होते ती रूथपासून नव्हे, तर तिच्यापासून. प्रेमाबद्दल ती लिहिते ते खोटं आहे, असा तिच्यावर आरोप आहे. तिच्या कादंबऱ्या वाचून लाखो बायका आपल्या वास्तवाकडे पाठ फिरवतात, आणि ज्यांच्याकडे तिच्यासारखं रूप नाही त्यांना आपलं जगणं म्हणजे चूक वाटू लागतं. पण मुलं, म्हातारी आई, मग तुरुंगात गेलेला प्रियकर आणि संपत आलेला पैसा हे सगळं तिच्यावर येऊन पडतं, तसतशी ती बदलते. तिला खरं दिसू लागतं. तिच्या लिखाणात मुलांचे ओले कपडे आणि म्हातारपणाचा वास शिरतो, आणि प्रकाशक नाराज होतात. तिचं बॉबोवरचं प्रेम खरं ठरतं, आणि ते खरं ठरल्यामुळेच ती संपते. कर्करोगाने ती मरते तेव्हा वाचकाच्या घशात आवंढा येतो. वेल्डनची हुकूमत ती हीच: आपण रूथच्या बाजूने असतो, आणि तरीही मेरीसाठी हळहळतो. सरतेशेवटी रूथ मेरीचा चेहरा घेऊन मेरीच्या मनोऱ्यात राहते. मेरीसारखीच एक कादंबरी लिहून मेरीच्याच प्रकाशकांना पाठवते. त्यांना ती पसंत पडते, ते छापायला तयार होतात, आणि रूथ नको म्हणते. जमतं एवढं तिला पाहायचं होतं. तुरुंगातून सुटून आलेला खचलेला बॉबो तिच्याजवळ राहतो, आणि त्याने तिला जे दिलं होतं ते ती त्याला रोज परत देते.

फे वेल्डनचा जन्म १९३१ चा, इंग्लंडमधला; बालपण न्यूझीलंडमध्ये गेलं. आई आणि आजोबा दोघंही कादंबऱ्या लिहीत. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र शिकून, एकट्याने मूल वाढवत, ती जाहिरातींच्या धंद्यात शिरली. अंडी खपवण्याच्या एका गाजलेल्या ब्रिटिश मोहिमेशी तिचं नाव कायमचं जोडलं गेलं. या कादंबरीतली आखूड, ठसठशीत, डोक्यात रुतून बसणारी वाक्यं त्या धंद्यातून आलेली आहेत असं मला नेहमी वाटतं. १९६७ साली आलेल्या पहिल्या कादंबरीतही नवऱ्याला सोडून आलेली बायकोच आहे. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' या गाजलेल्या मालिकेचा पहिला भाग तिने लिहिला. १९८३ मध्ये, म्हणजे 'शी-डेव्हिल'च्याच वर्षी, ती बुकर पारितोषिकाच्या परीक्षक मंडळाची अध्यक्ष होती. पुढे तिचा दुसरा नवरा रॉन वेल्डन एका थेरपिस्टच्या सल्ल्यावरून तिच्यापासून दूर झाला, आणि १९९४ मध्ये घटस्फोट पूर्ण होण्याच्या सुमारास वारला. म्हणजे टाकलेल्या बायकोची ही कादंबरी तिने लिहिली ती स्वतःवर ती पाळी येण्याच्या दशकभर आधी. आत्मचरित्र समजून ती वाचू नये. २०१७ साली तिने 'डेथ ऑफ अ शी-डेव्हिल' हा उत्तरभाग लिहिला. तो वाचला नाही तरी चालेल. ती २०२३ च्या जानेवारीत वारली.

बीबीसीने १९८६ मध्ये या कादंबरीवर मालिका केली. ज्युली टी. वॉलेसने रूथ उभी केली ती न विसरता येण्यासारखी. तिथे सूड शेवटापर्यंत तसाच कडू ठेवला आहे. १९८९ च्या अमेरिकन चित्रपटात मेरिल स्ट्रीप मेरी फिशर झाली आणि तिने उत्तम काम केलं, पण तिथे शस्त्रक्रिया गाळली आहे, आणि रूथला हसतमुख, समजूतदार शेवट दिला आहे. हॉलिवूडला बायकोचा सूड चालला. सुडाने बायकोचं काय होतं ते दाखवणं परवडलं नाही. मूळ कादंबरीपुढे तो चित्रपट पोकळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी वाचकांना, आणि विशेषतः ज्यांना घरातल्या कामाचं मोल कुणी विचारलेलं नाही अशा वाचक बायकांना, माझी विनंती आहे की चित्रपट आधी पाहू नका. पाहिला असेल तर त्याचा शेवट मनातून काढून टाका, आणि कादंबरी मनोऱ्यातल्या मेरी फिशरपासून, पहिल्या पानापासून वाचा.